सैंधवाचे बारा उंदीर

महाडच्या प्रयोगशाळेत नव्वद दिवस सैंधव खाऊन बाराही उंदीर ठणठणीत होते. आता कापून आत बघायचं, एवढंच उरलं होतं. गौतमी मॅडमनी पहिल्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं.

तेवढ्यात पिंजरे धुणाऱ्या नाथूला उचकी लागली. त्याच क्षणी बाराही उंदरांना उचकी लागली.

मॅडम थिजल्या. "उरलेलं सैंधव तू खाल्लंस?"

"मीठ फेकायचं नाय, मॅडम. देवळातल्या जेवणात घातलं. माझ्यासकट आख्खं कुडपण गाव जेवलं."

नाथू हरखून बघत राहिला. त्याच्या उचकीला आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता.

पहिल्या उंदराने डोळे मिटले. बाकीचे अकरा एकदम आडवे झाले. नाथूला जांभई आली आणि फोन वाजला.

"नाथ्या," कुडपणहून आई जडावल्या आवाजात म्हणाली, "भर दुपारी सगला गाव निजलाय रे. काय गोड झोप हाय..."