मुळं फुटली की

पाण्यातल्या फांदीचं मूळ गायब होतं.

परवा ते चार मिलिमीटर होतं. त्याने स्वतः पट्टी लावून मोजलं होतं आणि बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर लिहूनही ठेवलं होतं. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस तो. मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. आज पट्टी लावायला तिथे काही नव्हतंच.

“गेलं ना?” मागून सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या हाताला गुणच नाही.”

त्याने वळूनही पाहिलं नाही.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. सासूबाई तिच्या आजारपणात म्हणून आल्या त्या राहिल्याच. बायको होती तोवर ती मधल्यामध्ये दोघांचे शब्द झेलायची. आता झेलणारं कोणी नव्हतं. सकाळी तोंड धुतल्यापासून दोघांची जुंपायची. औषध उशिरा कोणी दिलं. डॉक्टरांना कोणी काय सांगितलं नाही. तिला खिडकीजवळ झोपायचं होतं, तर पलंग भिंतीकडे कोणी सरकवला. शेवटी एका सकाळी त्याने सांगून टाकलं, “तुम्हाला मुलगा आहे. त्याच्याकडे जा.”

“जाते. पण माझ्या लेकीच्या हातचं ते झाड घेऊन जाईन.”

ते झाड म्हणजे हॉलमधला मनी प्लांट. कुंडीतून निघून खिडकीच्या गजांवरून थेट माळ्यापर्यंत गेलेला. हलवायचा तर ओरबाडूनच काढावा लागला असता. मग ठरलं की त्याची फांदी न्यायची. मुळं फुटली की फांदी घ्यायची आणि निघायचं.

“त्याच दिवशी तिकीट,” तो म्हणाला होता.

“त्याच दिवशी,” त्याही म्हणाल्या होत्या.

त्याला घाई होती. एका फांदीच्या भरवशावर तो बसला नाही. ब्लेडने पेराच्या खाली चार फांद्या कापल्या. एक जॅमच्या बाटलीत, नुसत्या पाण्यात. एक दांडी तुटलेल्या कपात, वाळूत. एक प्लॅस्टिकच्या डब्यात, नारळाच्या भुशात. एक मातीत. चारही हॉलच्या खिडकीत ठेवल्या. जिला आधी मुळं फुटतील ती सासूबाईंची. दर दोन दिवसांनी तो चारही फांद्या अलगद उपसून बघायचा, पट्टी लावायचा, लिहायचा.

“मोजताय की मुळांना सदरा शिवताय?” सासूबाई विचारायच्या.

सहा आठवडे झाले. पाण्यात पांढरे कोंब दिसायचे आणि जायचे. बाकी तीन ठिकाणी तेवढंही नाही. त्याने पाणी उकळून गार करून घातलं. वाळू सात वेळा धुतली. भुसा पिळून कोरडा केला. मुळं कुजत असणार, असंच तो धरून चालला होता.

आज मात्र त्याने कपाटातून भिंग काढलं.

कुजलेलं मूळ तपकिरी आणि गिळगिळीत झालं असतं. इथे पेरापाशी एक बारीक टोक शिल्लक होतं. पांढरं, ताजं. कापलेली कड कुठली, तुटलेली कुठली आणि झिजलेली कुठली, हे ओळखण्यातच त्याचा जन्म गेला होता. ही कड तुटलेली होती.

त्याने वाळूतली फांदी काढली. तिच्यावर दोन टोकं. भुशातलीवर तीन. मातीतलीवर चार, आणि एका पेरावर नखाची कोर स्पष्ट उमटलेली. म्हणजे मुळं चारही ठिकाणी फुटली होती. पुन्हा पुन्हा फुटली होती.

तो तसाच फांदी हातात घेऊन आत गेला. सासूबाई पलंगावर बसून धुतलेल्या चादरीची घडी घालत होत्या.

“मुळं तुम्ही खुडता.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “हो.”

“लाज नाही वाटत? तिचं झाड आहे ते. माझा सूड उगवायला तिचं झाड मारताय?”

“मारत नाही. खुडलं तरी पुन्हा येतं. बघूनच करते मी.”

“जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं. तिथे काय कमी आहे तुम्हाला? वेगळी खोली आहे. सून विचारपूस करते.”

“काही कमी नाही. सोन्यासारखी माणसं आहेत.” त्यांनी घडी मांडीवर ठेवली. “पण फोनवर तिचं नाव काढलं की मुलगा म्हणतो, आई, जाऊ दे तो विषय, तुला त्रास होतो. सून लगेच हवापाण्याचं विचारते. मला कोणी त्रासच होऊ देत नाही.”

त्याने फांदीवरच्या नखाच्या कोरीवरून अंगठा फिरवला.

“तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते मला ठाऊक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पण तुम्ही सकाळी उठून भांडता ते तिच्यावरून भांडता. दिवसातून दहा वेळा तिचं नाव घेता. दुसरीकडे कुठे ऐकू येणार आहे मला ते?”

त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं, नेहमीसारखं, जिव्हारी लागेल असं. ते त्याने गिळलं आणि तो बाहेर आला. मातीतली फांदी मातीत खोचली, वाळूतली वाळूत, भुशातली भुशात. बुडाशी बोटाने दाबलं. बाटलीतलं पाणी बदललं. मग पेन्सिल घेऊन चारही कागदांवर आजची तारीख घातली आणि प्रत्येकीपुढे शून्य लिहिलं.

“आणि नखाने खुडू नका,” तो खिडकीपासूनच ओरडला. “साल सोलली जाते, मग फांदी खरंच कुजेल. कात्रीने कापत जा.”