बारा देशांची मुद्राचित्रं

"पदक माझ्या भिंतीवर आहे, पण तुम्ही पाठवलेलं 'पूल' हे चित्र माझं नाही. झकास आहे मात्र. कुणाचं?"

परदेशातल्या नव्वदीच्या चित्रकाराचं पत्र लेखिकाबाईंनी वाचून दाखवलं. ज्यांच्या घरी त्या बसल्या होत्या ते छापखान्यातले निवृत्त मशिनमन काका मिशीतल्या मिशीत हसले.

बाई मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांच्या, आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहीत होत्या. पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं आणि पहिल्याच प्रकरणात घोडं अडलं होतं. पहिल्या वर्षी बारा देशांतून चाळीस चित्रं आली म्हणे; पण चाळीसही चित्रांच्या कोपऱ्यात तोच एक चरा होता. उलगडा झाला नाही तर ते वर्ष गाळायचं, असं समितीने ठरवलं होतं. बाईंच्या ते अगदी जिवावर आलं होतं. चित्रांचं वेड त्यांना वयाच्या आठव्या वर्षी त्याच पहिल्या प्रदर्शनात लागलं होतं.

"आमच्या यंत्राच्या रुळाला चरा होता," मशिनमन म्हणाले.

ऐकताना बाईंच्या हातून बैठकीवर चहा सांडला. मशिनमनच्या बायकोने, काकूंनी, लगबगीने चादर टिपली आणि बाईंना पुन्हा तिथेच बसवलं. त्या घरात पाहुण्याला दुसरी जागाच नव्हती.

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. प्रदर्शनाचं काम त्यांच्याच छापखान्याकडे होतं. चित्रांच्या नावांची यादी टपालाने आली, चित्रं मात्र जहाजावर अडकली. दालन सजलेलं, निमंत्रणं गेलेली. शेवटी काका, काकू आणि खिळे जुळवणाऱ्या दोन जुळाऱ्यांनी चार दिवस खपून यादीतल्या शीर्षकांबरहुकूम लाकडावर चित्रं कोरली आणि छापली. 'पूल' काकूंचा होता.

"म्हणजे माझं पदक तिकडे लटकतंय होय," काकू म्हणाल्या.

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांचा चेहरा पडला.

"तुमची कमाल आहे, काका. पण बारा देशांतून काहीच आलं नाही, तर ते वर्ष मी कसं वाचवू?"

म्हातारा-म्हातारीने एकमेकांकडे पाहिलं.

"आलं की, महिनाभर उशिरा," काका म्हणाले. "तोवर बक्षिसं वाटून झाली होती. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"मग ती चित्रं गेली कुठे?"

काकूंनी बाईंच्या हातातला कप काढून घेतला.

"जरा उठता का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बैठकीवरची चादर ओढली. खाली बारा देशांचे शिक्के मारलेली लाकडी पेटी होती, आणि तिचं सील अजून शाबूत होतं.