शेंदराखालचा नंबर

पुष्पाचं पत्र येऊन दोन महिने झाले, तरी निवृत्त ग्रंथपाल शेषरावांनी उत्तर दिलं नव्हतं. तिनं वडिलांच्या ट्रॅक्टरविषयी लिहिलं होतं, "बापूंचा चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर नेमसिंगदादानं विकून दुसराच उभा केला असेल, तर राखी बांधणार नाही. ओळखून कळवा." ट्रॅक्टरांची माहितीपुस्तकं घेऊन ते फुलसावंगीच्या तांड्यावर नेमसिंगकडे आले. बॉनेट एका मॉडेलचं, इंजिन दुसऱ्याचं. चेसिसचा नंबर शेंदराखाली दडलेला. त्यांनी चाकू काढताच नेमसिंग ओरडला, "खरवडू नका, काकाजी! बापूच्या काळापासून दर दसऱ्याले तिथंच लावतो." "की नंबर लपवता?" शेषरावांनी भीतभीत विचारलं. "पुस्तकात पाहा मंग!" चष्मा पुसून त्यांनी शेंदराची टवका उडालेली कड पाहिली. पानांसारखे पापुद्रे चाळीसपर्यंत मोजले. एवढे दसरे एका दिवसात रचता येत नाहीत. त्यांनी लिहिलं, "सुटे भाग बदलत गेले, ट्रॅक्टर बहुधा बापूंचाच." ‘बहुधा’ खोडून पत्र पेटीत टाकलं.