वडीलधाऱ्यांवर हात

प्रेमानंदने धोंडबांच्या तोंडावर ठोसा मारला. मग आणखी एक. सत्तरीच्या म्हाताऱ्याने त्याच्या गळ्याला घातलेली मिठी सुटली, मान लुळी पडली. प्रेमानंदने त्यांना उताणं केलं, हनुवटी धरली आणि दोराच्या आधाराने विहाराच्या स्लॅबकडे ओढत नेलं.

समोरच्या कवेलूंच्या छपरावरून तुळसाबाई हे पाहत होती.

"मारलं रे! माह्या बुढ्याले मारलं यानं!"

सकाळी तलाव भरून वाहू लागला, नाल्याची भिंत ढासळली आणि चिखलाचा लोंढा वस्तीत घुसला. सात घरं गेली. सरकारी बोट शहरातल्या सदर भागातून निघाली होती आणि गेले दोन तास नुसती निघतच होती. तोवर वस्तीच्या हाताशी होता एक दोर आणि पोहायला शिकवणारा प्रेमानंद.

बुडणारा गळ्यात पडला की वाचवणाऱ्यालाही घेऊन जातो. आधी त्याला मारायचं, मिठी सोडवायची, मग ओढायचं. बारा वर्षं तो हेच शिकवत आला होता. पण तासाभरापूर्वी शेजारचे रुपरावकाका गळ्यात पडले तेव्हा त्याचा हात उठला नाही. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या तोंडावर ठोसा कसा मारायचा? दोघं खाली गेले. काकांची बोटं मग आपोआपच सैल झाली. वर आला तो एकटा प्रेमानंद.

आता तो तुळसाबाईला आणायला परत निघाला, तर पहिलं कवेलू त्याच्या खांद्यावर फुटलं. दुसरं कपाळावर बसलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

"जवळ येऊ नको, मुडद्या! खून केला तू!"

"काकू, उतरा! भिंत चालली तुमची!"

मातीची भिंत खरंच पाण्यात बसत होती. तरी तिसरं कवेलू आलंच. प्रेमानंदचं टाळकं सणकलं. मर मग तिथंच, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि रुपरावकाकांचा चेहरा आठवून रडू फुटलं. रडत रडतच तो दोर धरून पुढे सरकला.

तेवढ्यात स्लॅबवर लोकांनी गलका केला. धोंडबा भडाभडा पाणी ओकले होते. फुटलेल्या ओठांनी ते जिवाच्या आकांताने ओरडले, "तुळसे, काहून मारून राहिली वं त्याले? मीच त्याचा गळा आवळला होता! त्यानं नसतं मारलं तं दोघंई गेलो असतो!"

तुळसाबाईच्या हातातलं कवेलू गळून पडलं. त्याच वेळी घराची मागची बाजू कोसळली आणि छप्पर एका अंगाला कललं. ती घसरत, खरचटत कडेपर्यंत आली. प्रेमानंद खाली पाण्यात होता. त्याने हात पुढे केला.

तिने तो धरला नाही. त्याच्या कपाळावरची खोक पाहिली, खालचं धावतं पाणी पाहिलं. मग तिने पदर खोचला, डोळे मिटले आणि तोंड त्याच्यापुढे केलं.

"मीबी भेली हाव, बाप्पा. मीबी तुह्या गळ्यालेच पडीन," ती म्हणाली. "पहिले मले मार, मंग ने."