पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम

नळाला पाणी आले तेव्हा बेटेगावातून पहिल्या पाळीच्या बसगाड्या बोईसरकडे निघाल्या होत्या. स्वातीने मोरीतल्या पिंपात पाइप सोडला, पिंपाच्या तोंडाला गाळायचे फडके बांधले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. अंगणात तिचा नवरा रूपेश कारखान्यांतून आणलेली निळी पिंपे सोड्याने घासत होता. तीच विकण्याचा त्याचा धंदा होता.

शेजारच्या रत्नाबाई कुंपणाशी आल्या. "रूपेश, आज अजून एक ड्रम ठेव रे, भाचीला पायजे. स्वाती, नातवाचं तोंड अजून फोडांनी भरलंय गं. पाणी पितानाही रडतंय."

स्वातीचा हात परातीत थांबला. रत्नाबाईंच्या घरचे पाण्याचे पिंप रूपेशनेच विकले होते.

रत्नाबाई गेल्यावर ती अंगणात आली. अर्धवट खरवडलेल्या लेबलावरचे रसायनाचे नाव तिने फोनवर शोधले. जाहिरातींचा ढीग आला. त्यात रूपेशचीही होती: 'पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम'. संगणकाच्या वर्गात ती मुलांना शिकवी तेच तिने केले. नाव अवतरणचिन्हांत घातले, 'ड्रम' आणि 'विक्री' हे शब्द वगळायला त्यांच्याआधी वजाचे चिन्ह दिले, फक्त पीडीएफ मागवल्या. जाहिराती गळल्या. उरले ते त्या रसायनाचे सुरक्षापत्रक: तोंडाला व घशाला जखमा होतात, रिकामे पिंप धुऊनही अन्नपाण्यासाठी वापरू नये.

तिने फोन रूपेशपुढे धरला.

"दोनदा धुतो मी. सगळेच विकतात," तो म्हणाला.

"मग आपल्या मोरीत दुकानातला नवा ड्रम कशाला आणलात? मी यातलाच मागितला होता."

रूपेश हसला. "बायको हायस तू माझी. तुला यातलं पाजू काय?"

त्या नव्या पिंपाचे कौतुक तिने माहेरी सर्वांना सांगितले होते. तिचे कान तापले.

तो टेम्पो आणायला गेला. स्वातीने गॅस बंद केला, त्याचे ड्रिल काढले आणि एकेका पिंपाच्या तळाला भोक पाडले. निळा कीस तिच्या पायांवर साचला. शेवटचे पिंप झाल्यावर ती तशीच रत्नाबाईंच्या दारात गेली.

"पोराला या ड्रमातलं पाणी देऊ नका."

"अगं, आताच भरलाय!"

"त्यात विष हाय, रत्नाबाई. आमी विकलंय तुमाला."

आणि काठोकाठ भरलेले ते पिंप उलटे करायला तिने खांदा लावला.