मोबाइलमधला बाप्या

नर्स सून ड्युटीवरून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. आतून मोबाइलवर एका बाप्याचा आवाज यायचा. "ऑनलाइन ट्रेनिंग आहे, आई," ती म्हणायची. सासूला काही ते पटेना. भाजी निवडायच्या निमित्ताने ती दाराला कान लावून बसायची. "दोन्ही हात छातीवर ठेवा. जोर लावा. अजिबात थांबू नका." ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी सून ड्युटीवर असताना सासरे कोसळले, श्वासच थांबला. सून अँब्युलन्स घेऊन पोचली, तेव्हा घामाघूम सासू त्यांची छाती दाबत होती.

"नाडी लागतेय. काकूंमुळे वाचले," डॉक्टर म्हणाले.

सून थक्क झाली. "आई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुझ्या त्या मोबाइलवाल्याने!" सासू फणकारली. "पण कोण आहे गं तो?"