बुटातला बोळा

"माझ्या नाही, हिच्या पायाचं माप घ्या," धाकटा दुकानदाराला म्हणाला, आणि ताई खुर्चीतून उठलीच.

"मला कशाला? तुझे डोंगरात पळायचे बूट घ्यायला आलोय आपण."

"माझे चांगले धडधाकट आहेत. बस खाली."

धाकट्याला जन्मापासून दिसत नाही. डोंगरातल्या पायवाटांवर तो पळतो ते ताईच्या मागे, दोघांच्या मनगटांत एक आखूड दोरी बांधून. वळण, खड्डा, झाडाचं मूळ, सगळं ती पुढून ओरडून सांगते. म्हणजे सांगायची. एका उतारावर दोघं कोसळले, त्याचं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून ताईनं डोंगराचं नाव टाकलं. पायाखालचा दगड सुटला, असं तिनं घरी सांगितलं होतं. प्लास्टर निघालं तरी ती ऐकेना. दुसरं कुणी त्याला नेणारं नव्हतं, आणि पळणं सुटल्यापासून तो घरात नुसता भिंती चाचपत हिंडत होता. म्हणून आज हा बेत, की नवे बूट घालून बाईसाहेबांना परत उभं करायचं.

दुकानदार मापाची पट्टी घेऊन उकिडवा बसला. ताईचा पाय पट्टीवर ठेवला आणि जरा थांबला. "पाय रुंद आहे, मॅडम."

"घरात वल्हं म्हणतात," धाकटा म्हणाला. "आमच्या आईचंही तसंच."

ताई हसली नाही.

बायकांच्या कपाटातून खोक्यांवर खोकी आली. सगळ्या बुटांची टोकं निमुळती. एकात चवडाच शिरेना, दुसऱ्यात शिरला तर करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली. दुकानदाराला तर बूट खपवायचा होता. "दोन नंबर मोठा देऊ का? रुंदीला बसेल."

"मोठाच घेते मी नेहमी," ताई घाईनं म्हणाली. "आहे तो अजून चालतोय. चल, निघू या."

तिचा नंबर बघायला दुकानदारानं जुना बूट उचलला, आत बोटं घातली, आणि टोकातून कापसाचा एक बोळा बाहेर काढला. चेपून चेपून कडक झालेला.

त्यांच्या घरात यात काही वावगं नव्हतं. रुंद पायाला लांब बूट घ्यायचा आणि पुढे उरेल त्या जागेत कापूस कोंबायचा, ही आईची शिकवण. शाळेत, ऑफिसात, बाजारहाटात त्यावर सगळं निभून गेलं होतं. धाकट्याचा पाय पुरुषांच्या बुटात मावायचा, त्यामुळे हे कधी त्याच्या कानावरच आलं नव्हतं.

"हे घालून तुम्ही डोंगर उतरता?" दुकानदारानं विचारलं.

"काय घालून?" धाकटा म्हणाला.

त्यानं हात पुढे केला. दुकानदारानं ताईकडे पाहिलं आणि बोळा त्या हातावर ठेवला. धाकटा तो बोटांनी चाचपत राहिला.

"दगड नव्हता," ताई म्हणाली. "त्या दिवशी. पाय आत पुढे सरकला, टाच सुटली, आणि बुटाचं टोक मुळाला अडकलं. मूळ मला दिसलं होतं. तुला ओरडून सांगितलंही होतं. आणि मीच अडकले."

धाकट्यानं बोळा मुठीत आवळला.

"मला वाटत होतं, माझा पाय तुझ्या टाचेवर पडला," तो म्हणाला. "मीच तुला पाडलं, आणि मला लागू नये म्हणून तू दगडाचं नाव सांगतेस. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन रोज तेच उगाळत बसायचो. वाटायचं, आता ही माझ्याबरोबर येत नाही, ती त्याच्यामुळेच."

"नाही रे."

"मग बोलली का नाहीस?"

"लाज वाटली. तू माझ्या भरवशावर पळतोस, आणि मी बुटात कापूस घालून."

रागानं त्याचे कान लाल झाले होते. दुकानदार, बिचारा उगीच मध्ये सापडलेला माणूस, पुरुषांच्या कपाटाकडे सटकला आणि एक लहान नंबराचा, पसरट चवड्याचा जोड घेऊन आला.

"रंग कसा आहे?" धाकट्यानं कोरडेपणानं विचारलं.

"चिखलासारखा."

"बरं आहे. धुवायला नको."

ताईनं पाय घातला. टाच घट्ट बसली आणि बोटं आत मोकळी पसरली. तिनं ती हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली, आणि तिला रडूच आलं.

बूट पारखायला दुकानाच्या कोपऱ्यात फळ्यांचा एक उतार ठोकलेला होता. "त्यावरून उतरून बघा," दुकानदार म्हणाला. "बोटं पुढे आपटली नाहीत तर बूट बरोबर."

ताई वर चढली. भिंतीला हात लावत धाकटाही चढला आणि तिच्या मागे अर्ध्या पावलावर उभा राहिला. मोडून सांधलेल्या हातानं त्यानं तिची बाही धरली.

"सांग," तो म्हणाला. आवाजातला राग अजून गेला नव्हता.

"उतार आहे. चार-पाच पावलांचा. मध्ये काही नाही." ती थांबली. "आणि मला भीती वाटतेय."

"हे सगळ्यात आधी सांगायचं असतं," धाकटा म्हणाला, आणि बाही न सोडता त्यानं पाय उचलला.